यार्देनेच्या तीरावरील वेदी आणि गांवची आवई

वाचनाचा भाग: यहोशवा, अध्याय २२ वा



महाड तालुक्यांत तळीये नांवाचें गांव आहे. ता. २२ जुलै २०२१, गुरुवार, ह्या दिवशीं दुपार कलल्यावर त्या गांवच्या कोंढाळकरवाडीवर डोंगर खचून आला, आणि ऐंशींहून अधिक माणसें घरांदारांसकट मातीखालीं गेलीं. त्याच पावसांत पोलादपूर तालुक्यांतील केवनाळे व सुतारवाडी येथेंहि दरडी कोसळून जीव गेले. जेथें सावित्री नदी उगम पावते त्या महाबळेश्वरीं एका अहोरात्रांत जवळजवळ ६०० मिलिमीटर पाऊस झाला होता. खालीं महाड शहर पुरांत बुडालेलें, वाटा बंद, वीज गेलेली, मोबाइलची रेंज नाहीं. तेव्हां तळीयेची बातमी बाहेर पडावयास आणि मदत आंत पोहोंचावयास फार वेळ गेला.

ज्यांचीं माणसें गेलीं त्यांच्या दुःखाविषयीं लिहिण्यास आमची लेखणी धजत नाहीं. आज आम्ही लिहितों तें जे अद्याप डोंगराच्या कुशींत राहतात त्यांच्याविषयीं. रायगड जिल्ह्यांत दरडीचें भय असलेल्या गांवांची व वाड्यांची जी यादी सरकारनें केली आहे तींत शंभराहून अधिक नांवें आहेत, आणि त्यांत महाड व पोलादपूर ह्या दोन तालुक्यांचा वाटा मोठा आहे. अशा वाडींत आषाढाच्या अंधाऱ्या रात्रीं एक प्रश्न दरवर्षीं दारांत उभा राहतो. कोणी तरी सांगत आला आहे कीं निघा. तर निघावें कीं राहावें? सांगणारा खरें सांगतो कीं खोटें, ह्यावर मुलाबाळांचे प्राण टांगलेले असतात. म्हणून खोट्या बातमीचा विषय हा शहरांतील शिकलेल्या लोकांच्या वादविवादाचा विषय आहे असें आम्ही समजत नाहीं. तो वाडीचा विषय आहे.

येथें आम्हांस आमचा स्वतःचा एक अपराध कबूल केला पाहिजे. त्याच आठवड्यांत आमच्या मोबाइलवर एक चित्रफीत आली. हिरवा डोंगर, त्याच्या पोटांतून सुटलेला चिखलाचा लोट, आणि ओरडत पळणारीं माणसें. खालीं लिहिलें होतें कीं ही कोंकणांतील आजची दरड आहे. आम्ही हळहळलों, "प्रार्थना करा" असे दोन शब्द जोडले, आणि ती सात-आठ मंडळ्यांच्या व्हॉट्सॲप समूहांवर पाठवून दिली. दुसऱ्या दिवशीं एका तरुण बंधूनें आम्हांस दाखवून दिलें कीं ती चित्रफीत परदेशांतली असून कित्येक वर्षांपूर्वींची आहे. तोंवर एका मंडळींतील एक बहीण, जिची लेक महाडकडे दिलेली आहे, रात्रभर उंबऱ्यावर बसून होती. आम्हीं जाऊन तिची क्षमा मागितली. तिनें क्षमा केली; परंतु ती जें बोलली तें आमच्या मनांतून जात नाहीं. ती म्हणाली, "पाळकसाहेब, आतां उद्यां खरी बातमी आली, तर मी ती खरी मानूं कशी?"

त्या बहिणीनें आम्हांस एका वाक्यांत जें शिकविलें तें आम्ही पुष्कळ उपदेशांतून शिकलों नव्हतों. खोटी बातमी मनुष्यास खोट्यावर विश्वास ठेवावयास लावते, हें तिचें लहान पाप होय. ती खऱ्यावरचा विश्वास उडविते, हें मोठें. लांडगा आला रे आला ही गोष्ट आपण मुलांना सांगतों आणि हंसतों. पण त्या गोष्टींत शेवटीं लांडगा खरोखरच येतो, हें विसरतों. जी वाडी दहा वेळां फसली ती अकराव्या वेळीं घर सोडीत नाहीं.

ह्याच्या उलटहि घडतें. तळीयेच्या आधीं सोळा वर्षें, जुलै २००५ च्या शेवटच्या आठवड्यांत, असाच पाऊस झाला. महाड तालुक्यांतील दासगांव, जुई, रोहन, कोंडिवते ह्या गांवांवर तेव्हां दरडी कोसळल्या व शेंकडो कुटुंबें शोकांत पडलीं. त्याच पावसानें मुंबई बुडाली. पाणी ओसरूं लागल्यावर, ता. २८ जुलैच्या रात्रीं, जुहूच्या नेहरूनगर वस्तींत आवई उठली कीं धरण फुटलें, समुद्र चढून येत आहे. अरुंद गल्ल्यांतून माणसें जीव घेऊन पळालीं, आणि त्या चेंगराचेंगरींत पंधराहून अधिक जण मेले. त्यांत लेंकरें होतीं. पाणी आलेंच नाहीं. एका ठिकाणीं इशाऱ्यावांचून माणसें मेलीं, दुसऱ्या ठिकाणीं खोट्या इशाऱ्यानें मेलीं. तर मग इशारा आला असतां काय करावें?

आतां आपण शास्त्राकडे वळूं. यहोशवाच्या पुस्तकाचा बाविसावा अध्याय आमच्या मंडळ्यांत फारसा वाचला जात नाहीं. त्यांत चमत्कार नाहीं, लढाईहि नाहीं. लढाई होतां होतां राहिली, एवढेंच आहे. रऊबेनी, गादी व मनश्शेचा अर्धा वंश यांचें वतन यार्देनेच्या पूर्वेस होतें. आपल्या भावांबरोबर लढून ते आपापल्या घरीं परतले, तेव्हां वाटेंत यार्देनेजवळ त्यांनीं एक मोठी वेदी बांधली. ही बातमी पश्चिमेकडील वंशांच्या कानीं गेली. लोक म्हणाले, झालें, हे फितले, ह्यांनीं दुसरा देव धरला. आणि सारी मंडळी शिलो येथें जमली. कशाकरितां, तर आपल्या सख्ख्या भावांवर चालून जाण्याकरितां.

येथें एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. ती बातमी खोटी नव्हती. वेदी खरोखरच बांधलेली होती, मोठी होती, दुरून दिसत होती. जो कोणी सांगत आला त्यानें डोळ्यांनीं पाहिलेलें सांगितलें. खोटा होता तो तिचा अर्थ. आजहि ज्या बातम्या घातक ठरतात त्यांतील बहुतेकींत एक खरा दगड असतो, आणि त्याभोंवतीं कोणी तरी आपल्या भयाचा किंवा आपल्या स्वार्थाचा चिखल थापलेला असतो. म्हणून "मीं स्वतः फोटो पाहिला" एवढ्यानें भागत नाहीं.

मग त्या सभेनें काय केलें? तलवारी घरीं ठेविल्या नाहींत, हें खरें. परंतु त्या उपसण्यापूर्वीं एलाजार याजकाचा पुत्र फिनहास व प्रत्येक वंशाचा एक एक असे दहा सरदार गिलाद देशीं पाठविले. हा फिनहास कोण, हें ज्यांनीं गणना हें पुस्तक वाचलें आहे त्यांस ठाऊक आहे. एके काळीं विचारपूस न करितां भाला हातीं घेणारा तो हाच. देवाच्या नांवाकरितां ज्याचें रक्त सर्वांत आधीं तापतें अशालाच लोकांनीं विचारावयास पाठविलें. कारण तो जर पाहून समाधानानें परतला, तर त्याचें सांगणें कोणी भित्र्याचें सांगणें म्हणूं शकणार नव्हता. आणि दहा वंशांचे दहा जण, म्हणजे परत आल्यावर प्रत्येक वंशास आपल्याच माणसाच्या तोंडून ऐकावयास मिळावें. आम्हांस ह्या योजनेचें फार आश्चर्य वाटतें.

त्यांनीं जाऊन गोडगोड बोलणें केलें नाहीं. आपल्या मनांतला संशय त्यांनीं तोंडावर, सर्वांदेखत सांगितला. त्याबरोबर हेंहि सांगितलें कीं तुमची भूमि तुम्हांस अशुद्ध वाटत असेल तर इकडे या, आमच्यांत वतन घ्या. ज्याच्यावर आरोप करावयाचा त्याला आपल्या घरांत जागा देऊं करणें, ही त्या विचारण्याची रीत होती. मग पूर्वेकडच्यांनीं उत्तर दिलें. ही वेदी होमाकरितां नाहीं, यज्ञाकरितां नाहीं. आम्हांस भय पडलें कीं उद्यां तुमचीं मुलें आमच्या मुलांस म्हणतील, यार्देनेपलीकडच्यांनो, तुमचा परमेश्वराशीं संबंध काय? म्हणून ही केवळ साक्षीदाखल बांधली. म्हणजे इकडच्यांना जें बंड वाटलें तें तिकडच्यांचें, आपण तोडले जाऊं, हें भय होतें. फिनहास परतला, सभेला वर्तमान सांगितलें, लोकांस तें बरें वाटलें, आणि युद्धाचें बोलणें बंद झालें.

आतां ह्याच महाडच्या भूमीवर अशी एक वेळ आली असतां काय झालें तें पाहा. ता. १९ व २० मार्च १९२७ रोजीं महाड येथें कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. आजच्या रायगड जिल्ह्यास तेव्हां कुलाबा म्हणत. अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले असावेत असा श्री. सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलांत १९२३ सालीं संमत झाला होता, व महाडच्या नगरपालिकेनेंहि चवदार तळें खुलें करण्याचा ठराव १९२४ सालीं केला होता. ता. २० रोजीं परिषदेचे लोक शांतपणें मिरवणुकीनें तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. ठरावानें जें त्यांचें झालेलें होतें तेंच त्यांनीं ओंजळींत घेतलें. त्यानंतर थोड्याच वेळांत शहरांत आवई उठली कीं हे लोक आतां वीरेश्वराच्या देवळांत शिरणार. तसा बेत मुळींच नव्हता. परंतु जमाव काठ्या घेऊन मंडपावर चालून आला. जेवत असलेल्या, घरीं परतण्याच्या तयारींत असलेल्या लोकांस मारहाण झाली. पुष्कळ जण जखमी झाले, व कित्येकांनीं मुसलमान शेजाऱ्यांच्या घरीं आसरा घेतला. डॉ. आंबेडकरांनीं आपल्या लोकांस उलट हात उचलूं दिला नाहीं. दोन आठवड्यांनीं, ता. ३ एप्रिल १९२७ रोजीं, त्यांनीं 'बहिष्कृत भारत' हें पाक्षिक सुरू केलें आणि महाडला काय घडलें तें त्यांतून लोकांपुढें मांडलें.

देऊळ आणि मंडप यांच्यामध्यें यार्देन नव्हती. एकाच शहरांतलें अंतर होतें. कोणी एक जण मंडपांत जाऊन "बाबांनो, तुमचा देवळांत जाण्याचा बेत आहे काय?" असें विचारता, तर त्याला तेथल्या तेथें उत्तर मिळतें. मग तो कां गेला नाहीं? ज्यांच्याविषयीं बातमी होती त्यांना विचारण्याजोगीं माणसें मानण्याची संवयच नव्हती, म्हणून. ज्याला आपण आपल्या ओटीवर बसवीत नाहीं त्याच्याविषयींची कोणतीहि गोष्ट आपणांस खरी वाटूं शकते. आणि हें सांगतांना आम्ही दुसऱ्यांकडे बोट दाखवीत नाहीं. आमच्या मंडळ्यांतहि कोणाचा शब्द वजनाचा व कोणाचा हलका हें तो बोलण्यापूर्वींच ठरलेलें असतें; कित्येक ठिकाणीं तें त्याच्या आजोबांच्या वाड्यावरून ठरतें. हें आम्हांस लाजेनें लिहावें लागतें.

दुसरें उदाहरण आपल्याच काळांतलें आहे. ता. १ जुलै २०१८, रविवार. धुळें जिल्ह्याच्या साक्री तालुक्यांत राईनपाडा येथें आठवड्याचा बाजार होता. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पांच पुरुष भिक्षेकरितां फिरत तेथें आले होते. मुलें पळविणारी टोळी फिरत आहे असे निरोप त्या दिवसांत मोबाइलवरून गांवोगांव पसरलेले होते. जमावानें त्या पांच जणांस धरलें, ग्रामपंचायतीच्या कचेरींत नेलें, आणि तेथें त्यांस मरेपर्यंत मारलें. त्याच महिन्यांत व्हॉट्सॲप कंपनीनें भारतांत एक निरोप एका वेळीं पांचांहून अधिक ठिकाणीं पुढें पाठवितां येऊं नये अशी मर्यादा घातली.

जी जागा गांवानें बसून विचार करावा म्हणून बांधली, त्याच जागेंत हें घडलें. घर होतें, सभा नव्हती. जमलेले लोक म्हणजे सभा नव्हे. प्रेषितांच्या कृत्यांत इफिस शहराची हकीकत आहे. नाट्यगृहांत सारें शहर लोटलें, दोन तास एकच घोष चालला, आणि आपण कशासाठीं जमलों हें त्यांतील बहुतेकांस माहीत नव्हतें. शेवटीं नगराचा चिटणीस उभा राहिला. तो विश्वासणारा नव्हता. त्यानें पौलाची बाजू घेतली नाहीं कीं देवीची निंदा केली नाहीं. तो इतकेंच म्हणाला कीं ज्याची तक्रार आहे त्याला न्यायसभा उघडी आहे, आणि बाकीचें कांहीं असेल तर तें रीतसर सभेंत ठरेल. आम्हांस पुष्कळदां वाटतें कीं आमच्या गांवांना आज पाळकाइतकीच अशा एका चिटणिसाची गरज आहे.

मग रीतसर सभा म्हणजे काय? ज्याच्याविषयीं बोलणें आहे तो तेथें हजर असतो, किंवा त्याच्याकडे कोणी जाऊन येतो. जो बातमी सांगतो तो आपलें नांव सांगतो, व ती कोठून मिळाली हेंहि सांगतो. पाहून येण्यास अवधि दिला जातो. आणि जें पाहिलें तें पुन्हां सर्वांपुढें येतें. शिलोच्या सभेंत हें सारें होतें. राईनपाड्याला ह्यांतील एकहि नव्हतें.

कोणी म्हणेल, सभेचा निर्णय तरी बरोबर असतोच असें कोठें आहे? नसतो. कनान देश हेरण्यास बारा जण गेले. त्यांतील दहांनीं भयाचें वर्तमान आणलें आणि सारी मंडळी रात्रभर रडली. यहोशवा व कालेब यांस लोक दगडमार करावयास उठले. बहुमत चुकलें. परंतु तेथेंहि पाहा कीं त्या दोघांचें म्हणणें लोकांनीं ऐकून घेतलें नाहीं, हाच त्यांचा दोष शास्त्र दाखवितें. गडचिरोली जिल्ह्यांत मेंढा-लेखा नांवाचें गोंड लोकांचें लहान गांव आहे. तेथील ग्रामसभा बहुमतानें निर्णय करीत नाहीं, सर्वांच्या संमतीनें करिते. एकाचेंहि मन मानलें नाहीं तर विषय पुढच्या बैठकीवर जातो. आणि सभेच्या आधीं अभ्यासगट बसतो. जंगलाचा कायदा काय म्हणतो, कागदावर काय आहे व प्रत्यक्षांत काय आहे, हें गांवकरी बाहेरच्या जाणत्यांस बोलावून समजून घेतात, पण निर्णय त्यांच्यावर सोंपवीत नाहींत. ह्या संवयीच्या बळावर त्या गांवानें २००९ सालीं सुमारें १,८०० हेक्टर जंगलावरील आपला सामुदायिक हक्क कायद्यानें मिळविला. तेथें साक्षरता कांहीं फार मोठी होती असें नाहीं. शेजारीं बसून विचारण्याची शिस्त होती.

हें केवळ खेड्यांचें काम आहे असेंहि कोणी समजूं नये. २०२४ सालीं जर्मनी देशांत बर्टेल्समान प्रतिष्ठानानें तेथील गृहखात्याच्या सहकार्यानें खोट्या प्रचाराविषयीं एक नागरिकसभा भरविली. चिठ्ठ्या टाकून निवडावें त्याप्रमाणें देशभरांतून सुमारें १२० सामान्य माणसें निवडलीं. त्यांनीं तज्ज्ञांस प्रश्न विचारले, आपसांत वाद केला, व आपल्या शिफारशी त्याच वर्षींच्या सप्टेंबरांत गृहमंत्र्यांच्या हातीं दिल्या. मुलांना शाळेंतच बातमी पारखावयास शिकवावें हें त्यांतील एक मागणें होतें. एवढें पुढारलेलें राष्ट्र, तरी त्यालाहि हें काम केवळ पोलिसांनीं व पंडितांनीं होईल असें वाटलें नाहीं. मत्थ्याची निवड चिठ्ठ्या टाकून झाली हें ज्या मंडळीस माहीत आहे तिला ह्यांत नवल वाटूं नये.

आतां तळीयेकडे परत येऊं, कारण आमचा मुख्य मुद्दा तेथेंच आहे. फिनहासाला गिलादास जाऊन येण्यास वेळ होता. दरड वेळ देत नाहीं. कोंढाळकरवाडीवर ती दिवसा आली, ता. १९ जुलै २०२३ रोजीं खालापूर तालुक्यांतील इर्शाळवाडीवर रात्रीं आली. त्या वेळीं सभा बोलावून चर्चा करूं म्हणणारा मनुष्य शहाणा नव्हे. म्हणून आम्ही म्हणतों कीं सभा आधीं झाली पाहिजे. पावसाच्या रात्रीं कोणाचें ऐकावें, कोणतें चिन्ह दिसलें असतां कोणासहि न विचारतां निघावें, व कोठें जावें, हें उन्हाळ्यांत, कोरड्या जमिनीवर बसून, सर्वांनीं मिळून ठरवावें. मग रात्रीं प्रश्न उरत नाहीं. ठरलेलें आठवावें लागतें, इतकेंच.

सरकारचा इशारा येतो त्यावर सोडून द्यावें, असें कित्येक म्हणतात. सरकारचा इशारा अवश्य मानावा. हवामान खातें जेव्हां अतिमुसळधार पावसाचा लाल इशारा देतें तेव्हां त्याचा अर्थ एका दिवसांत २०४ मिलिमीटरांहून अधिक पाऊस होऊं शकतो असा असतो. हा अर्थ वाडींतील प्रत्येक म्हातारीला समजेल अशा भाषेंत सभेंत सांगितला पाहिजे. परंतु इर्शाळवाडीचें नांव धोक्याच्या गांवांच्या यादींत नव्हतें, हें त्या वेळीं सरकारनेंच सांगितलें. यादी करणाऱ्यांनीं डोंगर वर्षांतून एकदां पाहिला असेल. त्याला रोज कोण पाहतो? गुरें राखणारा पोर, लाकूडफांटा आणणारी बाई, कातकरवाडींतला मनुष्य. जमिनीला नवी भेग पडली, झाडें किंवा विजेचे खांब कलले, झऱ्याचें पाणी एकाएकीं गढूळ झालें किंवा नव्याच जागीं पाझर फुटला, घराचें दार चौकटींत अडकूं लागलें, डोंगरांतून कडाडल्यासारखा आवाज आला. हीं चिन्हें आधीं त्यांना दिसतात. आणि सभेंत मागच्या रांगेंत, किंवा रांगेच्या बाहेर, तींच माणसें असतात. महाडच्या १९२७ सालच्या हकीकतीवर आम्हीं इतकें लिहिलें तें ह्याकरितां. ज्याला विचारण्याची संवय नाहीं त्याची खोटी बातमी जशी खरी वाटते, तशी त्यानें आणलेली खरी बातमीहि ऐकूं येत नाहीं.

सभेनें प्रत्येक वाडींतून दोन माणसें नेमावीत, एक पुरुष व एक स्त्री. कोणताहि इशारा आला कीं तो कोणी दिला, केव्हां दिला, कोठून आला, हें त्यांनीं फळ्यावर लिहावें. ज्याला नांव नाहीं तो निरोप फळ्यावर चढूं नये आणि पुढें जाऊं नये. तालुक्याच्या व जिल्ह्याच्या आपत्ति नियंत्रण कक्षाचा क्रमांक त्याच फळ्यावर असावा. आपत्तीविषयीं खोटी हूल उठविणाऱ्यास २००५ च्या आपत्ति व्यवस्थापन कायद्याप्रमाणें एक वर्षापर्यंत कैद होऊं शकते. हेंहि एकदां वाचून दाखवावें. पण कायदा मागाहून येतो, आणि पुष्कळदां ज्यानें ती पिकविली तो हातीं न लागतां ज्यानें भाबडेपणानें पुढें नेली तोच सांपडतो. तो आमच्यासारखा एखादा पाळकहि असूं शकतो.

आणि एक ठराव आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो, जरी तो कोणत्याहि सरकारी नमुन्यांत बसणार नाहीं. चिन्ह पाहून जें कुटुंब रात्रीं घर सोडून शाळेंत जाऊन निजलें आणि सकाळीं डोंगर जागच्या जागीं उभा असलेला पाहिला, त्याला कोणी हंसावयाचें नाहीं. फुकट पळाले, भित्रे निघाले, असें विहिरीवर बोलावयाचें नाहीं. आम्हीं डोंगराकडच्या मंडळ्यांत हिंडतांना अनुभविलें आहे कीं मनुष्य दरडीला जितका भितो त्याहून शेजाऱ्याच्या हंसण्याला अधिक भितो. आणि तेंहि कोणाच्या देखत कबूल करीत नाहीं. ज्यानें खरें समजून इशारा दिला व तो फोल गेला, त्यालाहि खोटारडा म्हणूं नये. चुकलेला आणि फसविणारा ह्यांत भेद आहे, आणि तो भेद करावयास सभा लागते. एकट्यादुकट्याच्या रागाला तो करितां येत नाहीं. पेत्र व तो दुसरा शिष्य यांजविषयीं प्रभु जें बोलला त्यावरून बंधुवर्गांतहि एक चुकीचें बोलणें पसरलें होतें कीं तो शिष्य मरणार नाहीं. योहानानें कोणासहि दोष दिला नाहीं. प्रभु नेमकें काय म्हणाला व काय म्हणाला नाहीं, एवढेंच त्यानें पुन्हां लिहून ठेविलें.

आपल्या राज्यांत ग्रामसभा वर्षांतून किमान चार वेळां भरावी असा कायदा आहे, आणि १ मे रोजीं ती भरविण्याची पुष्कळ ठिकाणीं वहिवाट आहे. त्या दिवसानंतर मृग लागावयास पांच आठवडे उरतात. फळा टांगावयास, वाटेवरचीं झाडें तोडावयास, शाळेची किल्ली कोणाकडे असावी तें ठरवावयास तेवढा वेळ पुरतो. नेहमीं असें होतें कीं पुरेशीं माणसें येत नाहींत, सभा तहकूब होते, आणि मागाहून चार जणांच्या सह्यांनीं कामकाज उरकतें. ह्या खेपेस नोटीस लागली कीं पाळकांनीं ती रविवारीं उपासनेनंतर वाचून दाखवावी. मंडळीच्या वडिलांनीं आदल्या संध्याकाळीं कातकरवाडींत, धनगरवाड्यावर आणि ज्या बहिणींना आजवर कोणी बोलावलेलें नाहीं त्यांच्या दारीं स्वतः जावें. सभा सकाळीं भरते व मोलमजुरीचीं माणसें त्याआधींच बाहेर पडतात. तेव्हां ती संध्याकाळीं ठेवावी असें सरपंचांस आधींच विनवावें, आणि जमल्यास तसें लेखी द्यावें.